श्री. बोरसे यांची हरकत

लीलाधर बोरसे यांनी कुंदा बैसाणेशी कामापुरतं सोडून बोलणं बंद केलं ते १९९४ च्या ऑगस्टमध्ये, आणि तेही एका उणे चिन्हावरून.

धुळ्याच्या एका कॉलेजात बोरसे सर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते. प्रकाशशास्त्र हा त्यांचा विषय. भिंगं, आरसे, लोलक हे त्यांनी बावीस वर्षं शिकवलं होतं. देवपूरपासून साक्रीपर्यंतच्या शाळांतले विज्ञानाचे किती तरी शिक्षक त्यांच्याच हाताखालून गेलेले. त्या दिवशी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावरचं उदाहरण काही केल्या सुटेना. उत्तर पुस्तकाशी जुळत नव्हतं. सरांनी दोनदा खोडून पुन्हा मांडलं. पुढचा तास कुंदा मॅडमचा होता आणि त्या दाराशी येऊन थांबल्या होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "सर, वस्तूचं अंतर उणे घ्यायचं राहिलं."

पोरं हसली. सरांनी खडू ठेवला, हात झटकले आणि तास संपायला चार मिनिटं असताना ते वर्गाबाहेर पडले.

हे सगळ्यांदेखत सांगायची गरज नव्हती, एवढं कुंदालाही कळत होतं. पण तिच्या मनात पाच वर्षं एक वाक्य सलत होतं. १९८९ मध्ये राखीव जागेवर नेमणूक होऊन ती रुजू व्हायला आली, तेव्हा स्टाफरूमच्या आतून तिला बोरसे सरांचा आवाज ऐकू आला होता, "सरकारने पाठवलंय, तर ठेवून घेऊ. प्रयोगशाळेतली भिंगं पुसायला तरी होईल." एस.टी.च्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकची, गुलाब बैसाण्यांची ही मुलगी एम.एस्सी.ला विद्यापीठात दुसरी आली होती. ती आत गेली, हजेरीपुस्तकात सही केली आणि त्या वाक्याबद्दल कधी कुणाशी बोलली नाही. विसरलीही नाही.

ऑगस्टनंतर वेळापत्रक बदललं. कुंदाचं पहिलं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला आणि शेवटचा तास संध्याकाळी साडेचारला. मधल्या वेळात घरी जाऊन यायचं तर पांझरा नदीचा पूल दोनदा ओलांडायचा. पुढच्या वर्षी विभागात संगणक आला. तो बोरसे सरांनी आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. कुंदा तोवर पीएच.डी.ला लागली होती. तिचे मार्गदर्शक पुण्याचे डॉ. लिमये. विषय आकाशाचा असला तरी दुर्बीण लागत नव्हती. मोठ्या दुर्बिणींनी घेतलेली चित्रं फ्लॉपीवर मिळत, पण गणित करायला संगणक हवाच होता. तिने प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. प्राचार्यांनी आदेश काढला की संगणक सर्वांना उपलब्ध असावा. बोरसे सरांनी आदेश अक्षरशः पाळला. दर शनिवारी दोन ते पाच कुलूप उघडं राही. पाचला ते स्वतः येऊन दाराशी उभे राहत.

"एक गणित चालू आहे, सर. वीस मिनिटं," ती म्हणे.

"पाच वाजले."

ती मधेच गणित तोडून बटण बंद करी.

आकाशाच्या अभ्यासाबद्दल सरांना मुळात तिटकारा होता का, हे सांगणं कठीण. ते स्टाफरूममध्ये म्हणत, "इथे पोरांना मायक्रोमीटर धरता येत नाही आणि आपण दीर्घिका मोजतोय." पण १९७८ साली त्यांनी स्वतः पुण्यात पीएच.डी.ला नाव घातलं होतं. वडील गेले, धाकट्या भावंडांसाठी परत यावं लागलं, आणि ते काम तिथेच थांबलं. याबद्दल ते बोलत नसत. इतरांना वाटे, विसरले.

१९९७ च्या जूनमध्ये कुंदाने पुण्याला जायला तीन आठवड्यांची रजा मागितली. प्रबंध डिसेंबरात द्यायचा होता. रजा नाकारायला काही कारण हवं म्हणून सर म्हणाले, "आतापर्यंत काय काम झालं, त्याचा अहवाल द्या. सगळी प्रकरणं. त्याशिवाय शिफारस करणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने चार प्रकरणांची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. बरोबर एक मोठं छायाचित्र.

"वाचा," ती म्हणाली. "समजलं नाही तर विचारा."

शिफारशीवर सही करताना सरांच्या पेनाने कागद फाटला.

ती गेल्यावर त्यांनी लाल पेन घेतलं आणि दुपारी रिकाम्या प्रयोगशाळेत तो अहवाल वाचायला बसले. आधी त्यांनी इंग्रजीच्या चुका काढल्या. पहिल्या अकरा पानांत तीस-एक निघाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कधीतरी लाल पेन बाजूला राहिलं आणि ते साधी पेन्सिल घेऊन समासात गणितं ताडून पाहू लागले.

कारण हा तर त्यांचाच विषय निघाला. जड वस्तूजवळून जाताना प्रकाशाची वाट वाकते. शेकडो दीर्घिकांचा एखादा समूह इतका जड असतो की तो आकाशात टांगलेल्या भिंगासारखं काम करतो. त्याच्या खूप मागे, कित्येक पट दूर असलेली एखादी फिकट दीर्घिका एरवी दिसलीच नसती. या भिंगामुळे ती ठळक होते आणि मोठी दिसते. फक्त तिचा आकार बिघडतो, ती ताणल्यासारखी, कमानीसारखी दिसते. समूहाचं वस्तुमान कुठे किती आहे हे काढलं, की भिंग कसं आहे ते कळतं. मग गणिताने तो बिघाड उलटा फिरवायचा. तसं केलं की हजार कोटी वर्षांपूर्वी ती दीर्घिका खरी कशी होती, तिच्यात तारे कुठे जन्मत होते, ती कशी वाढत होती, ते समोर येतं.

बोरसे सरांनी आयुष्यात एवढं मोठं भिंग ऐकलं नव्हतं. ते जागेवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

चौथं प्रकरण कुंदाच्या प्रबंधाचा गाभा होतं. छायाचित्रात समूहाच्या कडेला दोन छोट्या निळसर कमानी एकीपुढे एक होत्या. दोघींचं आपल्यापासूनचं अंतर सारखंच. प्रत्येकीत ताऱ्यांच्या जन्माच्या तीन तेजस्वी गाठी. कुंदाचं म्हणणं होतं की या दोन शेजारणी दीर्घिका आहेत, त्या जवळ येत आहेत आणि पुढे एकमेकींत मिसळून एक मोठी दीर्घिका होणार आहे. दीर्घिका अशाच वाढतात, याचा तो पुरावा.

गाठींमधली अंतरं मोजायला सरांनी ट्रेसिंग पेपर घेतला. एका कमानीतल्या गाठी त्यावर उतरवल्या. एक मोठी, मग एक जुळी, मग एक लहान. कागद सरकवून दुसऱ्या कमानीवर ठेवला, तर जुळेना. तिथे आधी लहान, मग जुळी, मग मोठी. त्यांनी कागद उचलला, तो पंख्याच्या वाऱ्याने उलटला आणि पालथा पडला. सहज त्यांनी तो तसाच कमानीवर सरकवला.

तिन्ही गाठी तिन्ही गाठींवर बसल्या.

सर कितीतरी वेळ बोटांनी कागद दाबून धरून उभे राहिले. भिंगातून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा पडल्या, की त्यांतली एक आरशातल्यासारखी उलटी असू शकते. या दोन शेजारणी नव्हत्याच. ही एकच दीर्घिका होती, दोनदा दिसलेली.

प्रयोगशाळेतला शिपाई सुपडू, सरांच्याच वयाचा, टेबलं पुसत होता. तो थांबून म्हणाला, "काय शे, सर?"

"काही नाही."

"हाई बठ्ठा कागद मॅडमना शेतस ना? कपाटमा ठेवू का?"

"हात लावू नको," सर म्हणाले.

इतका आनंद त्यांना वीस वर्षांत झाला नव्हता. तो कुणाला तरी सांगावा असं अगदी ओठांशी आलं, आणि सांगितलं तर समजेल असं धुळ्यात एकच माणूस होतं. त्या माणसाचं नाव मनात येताच सरांचं तोंड आवळलं. त्यांनी ट्रेसिंग पेपर घडी न करता एका जाड पुस्तकात ठेवला आणि पुस्तक घरी नेलं.

जुलैत कुंदा परत आली. आल्या दिवशीच तिने विचारलं, "सर, अहवाल वाचलात?"

"वाचला."

"काही शंका?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "इंग्रजी सुधारा."

त्यानंतर पाच महिने ते तिला चौथं प्रकरण पक्कं करताना पाहत राहिले. आकृत्या पुन्हा काढल्या जात होत्या, टंकलेखकाकडे पानं जात होती. शनिवारी पाच वाजता ते दाराशी उभे राहत आणि पडद्यावरच्या त्या दोन कमानींकडे बघत. एकदा कुंदाने वळून विचारलंही, "काही हवंय का?" त्यांनी फक्त घड्याळ दाखवलं.

नोव्हेंबरच्या शेवटी जळगावच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राचं विभागीय चर्चासत्र होतं. कुंदा चौथं प्रकरण मांडणार होती आणि डॉ. लिमये पुण्याहून येणार होते. बोरसे सरांनी स्वतःचं नाव श्रोता म्हणून नोंदवलं. दोघं सकाळच्या एकाच एस.टी.ने निघाले. सर पुढच्या बाकावर, ती अगदी मागे. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा दोघंही चहाला उतरले आणि एकाच टपरीच्या दोन टोकांना उभे राहिले.

सभागृहात जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे इथले साठ-सत्तर प्राध्यापक होते. कुंदाने चांगलं मांडलं. प्रोजेक्टरवर पारदर्शिका ठेवून तिने आधी भिंग समजावलं, मग समूह, मग त्या दोन कमानी. शेवटी म्हणाली, "म्हणजे दीर्घिकांची वाढ होताना आपण इथे प्रत्यक्ष पाहतो आहोत. या दोघी लवकरच एक होतील. लवकरच म्हणजे काही कोटी वर्षांत." लोक हसले, टाळ्या वाजल्या.

प्रश्नांसाठी पहिला हात बोरसे सरांचा वर गेला.

"मला पुढे यावं लागेल," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी स्वतः तयार केलेली पारदर्शिका काढली. तिच्यावर एका कमानीतल्या तीन गाठी लाल शाईत काढल्या होत्या. त्यांनी ती कुंदाच्या चित्रावर दुसऱ्या कमानीपाशी ठेवली. जुळत नव्हती. मग त्यांनी ती सावकाश पालथी केली, सरकवली. लाल ठिपके गाठींवर जाऊन बसले.

"मॅडम या दोघींचं लग्न लावतायत," ते सभागृहाकडे तोंड करून म्हणाले. "पण वधू आणि वर एकच आहेत. चार वर्षं संशोधन केलं आणि आरशातली प्रतिमा ओळखता आली नाही. हे आम्ही बारावीला शिकवतो."

हशा पिकला. अमळनेरचे एक प्राध्यापक तर बाक वाजवून हसले. कुंदा प्रोजेक्टरजवळ उभी होती, तिच्या हातात उघडं पेन होतं. ती पडद्याकडे पाहत राहिली. तिला दिसलं होतं. पाहिल्याबरोबर दिसलं होतं.

मग ती सरांकडे वळली.

"सर, हे तुम्हाला कधी दिसलं?"

"आत्ताच" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्याला हे सुचायला तिचं भाषण ऐकावं लागलं असं कुणाला वाटू नये, अशी सरांची इच्छा फार जोराची होती.

"जूनमध्ये," ते म्हणाले. "तुमचा अहवाल वाचला त्याच आठवड्यात."

"आणि जुलैत मी विचारलं, काही शंका आहे का?"

सभागृहातला हशा थांबला होता. पहिल्या रांगेतल्या डॉ. लिमयांनी चष्मा काढला.

"बोरसे सर, मुद्दा बिनतोड आहे," ते म्हणाले. "जूनमध्ये एक पोस्टकार्ड टाकायचं होतं."

कुंदाने पेनाला टोपण लावलं. अध्यक्षांना म्हणाली, "मला जेवणानंतर दहा मिनिटं द्या." आणि आपली चित्रं गोळा करून बाहेर गेली.

जेवणात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, कळण्याच्या पुऱ्या होत्या. सर ताट घेऊन व्हरांड्यात उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, लोक येतील, विचारतील. एक-दोघं आले, "बारीक नजर आहे हो तुमची," म्हणाले आणि दुसरीकडे गेले. मघाशी बाक वाजवणारे अमळनेरचे प्राध्यापक नजर चुकवून पुढच्या घोळक्यात शिरले. समोरच्या वर्गाच्या खिडकीतून कुंदा दिसत होती. ती बाकावर वाकून भराभर लिहीत होती आणि शेजारी लिमये कॅलक्युलेटर दाबत होते. एकदा तिने डोळे पुसले, पण लिहिणं थांबवलं नाही. सरांना तिथे जाऊन पाहावंसं वाटलं की ती काय मांडते आहे. ती वाट आपण सकाळी स्वतःच बंद केली, हे त्यांना हातातलं ताट घेऊन उभं असताना उमगलं. मग भरीत त्यांच्याने संपवलं गेलं नाही.

जेवणानंतर कुंदा पुन्हा उभी राहिली. आवाज बसलेला होता.

"बोरसे सरांचं बरोबर आहे. दीर्घिका एकच आहे. माझं चौथं प्रकरण मी मागे घेते," ती म्हणाली. "माझं भिंग चुकलं, म्हणून मला ती दोन वाटली. भिंगाचं काम करणाऱ्या समूहातलीच ही दुसरी एक फिकट दीर्घिका मी वस्तुमानात धरली नव्हती. ती धरली तर दोन प्रतिमा बरोबर या जागी पडतात. पण मग तिसरीही पडली पाहिजे." तिने चित्रावर दूरच्या कोपऱ्यात, जिथे काळोखाखेरीज काही नव्हतं, एक फुली मारली. "इथे. फिकट असेल, पण कमी ताणलेली असेल. असली तर माझं नवं भिंग बरोबर. नसली तर तेही चूक."

पारदर्शिकेवर तिथे काही दिसत नव्हतं. लिमये म्हणाले, मूळ चित्रात पाहावं लागेल.

परतीची एस.टी. दोघांनी वेगवेगळी घेतली.

तिसरी प्रतिमा सापडली. तीन आठवड्यांनी पुण्याहून पत्र आलं आणि ते कुंदाने स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं, बोरसे सर तिथे असतानाच, त्यांच्याकडे न पाहता. फुलीच्या जागी एक निळसर ठिपका होता, रंगाला त्या कमानींसारखाच. त्याच्यात तिन्ही गाठी होत्या आणि दीर्घिकेचा आकार जवळजवळ न बिघडता दिसत होता. प्रबंध एक वर्ष लांबला, पण निष्कर्ष बदलून पक्का झाला. ती दीर्घिका शेजारणीत मिसळत नव्हती. ती एकटीच होती आणि आपल्याच पोटातल्या गाठींमध्ये धडाधड तारे जन्माला घालत वाढत होती.

सर रोज टपालाची वाट पाहू लागले, जरी त्यांना कुणी काही पाठवणार नव्हतं. शनिवारी दोन ते पाचचं बंधन त्यांनी काढून टाकलं. किल्ली सुपडूकडे दिली आणि सांगितलं, "मॅडमना लागेल तेव्हा उघडून दे." कुंदाने त्याबद्दल आभार मानले नाहीत.

१९९८ च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा आपण होऊन त्यांच्या केबिनमध्ये आली. हातात शोधनिबंधाचं हस्तलिखित होतं. ती बसली नाही.

"लिमये सरांचं म्हणणं आहे, सहलेखक म्हणून तुमचं नाव घालावं. मी नको म्हटलं. हे तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आले."

सरांच्या कपाळावरची शीर ताठ झाली. "शोध माझा होता."

"तुमचाच होता," ती म्हणाली. "जूनमध्ये सांगितला असतात तर तुमचं नाव माझ्या आधी लावलं असतं. मी तशी आहे, हे तुम्हालाही माहीत आहे."

"मग काय लिहिलंय?"

तिने शेवटचं पान पुढे केलं. आभारात एक ओळ होती. सरांनी ती दोनदा वाचली. नोव्हेंबर १९९७ च्या चर्चासत्रात श्री. एल. बोरसे यांनी घेतलेल्या हरकतीबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

"हरकत?"

"हरकतच घेतली होती तुम्ही," कुंदा म्हणाली. "मदत केली नव्हती."

"बाई, तुम्ही मला १९९४ पासून पाण्यात..." सर म्हणाले आणि थांबले.

"मी १९८९ पासून," ती म्हणाली. "भिंगं पुसायला आले होते ना?"

सरांना आधी आठवेना. मग आठवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षमा मागणं त्यांना जमलं नाही आणि ती त्यासाठी थांबलीही नाही.

निबंध छापून आला. कॉलेजात सत्कार झाला, विभागप्रमुख म्हणून सरांनाच हार घालावा लागला. हार घालताना दोघांनीही छायाचित्रकाराकडे पाहिलं.

एप्रिल १९९९ मधली गोष्ट. परीक्षा चालू होत्या, स्टाफरूममध्ये पंख्याखाली दोघंच होते. सरांनी निबंधाची झेरॉक्स ग्रंथालयातून मिळवून कितीदा तरी वाचली होती. वस्तुमानाच्या वाटणीचं एक समीकरण त्यांना कुठून आलं तेच कळत नव्हतं. ते उठले, खोली ओलांडून तिच्या टेबलापाशी गेले.

"मॅडम, एक शंका आहे."

कुंदा उत्तरपत्रिका तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"लिहून द्या."

सर आपल्या जागेवर गेले, अर्धा कागद घेतला, शंका लिहिली आणि तिच्या टेबलाच्या कडेला ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोन पानं होती. वर ‘सर’ नाही, खाली सही नाही. फक्त समीकरण, पायरीपायरीने, एकही पायरी न गाळता, स्वच्छ अक्षरात. सरांनी चष्मा लावला. पहिलं पान त्यांना समजलं. दुसऱ्या पानावर सहाव्या ओळीशी ते अडले. पुन्हा वरून वाचत आले, पुन्हा तिथेच अडले.

खोलीच्या पलीकडे कुंदा पाठ करून बसली होती. सरांनी खण उघडला आणि कोरा कागद काढला.